नाकापेक्षा मोती जड : व्हिडिओ गेमच्या धंद्यातील छळाचा हिशेब

मालेगावच्या एका यंत्रमागधारक वाचकांचे पत्र गेल्या महिन्यात आमच्याकडे आले. त्यांच्या मुलीने ॲनिमेशनचा कोर्स पूर्ण केला असून पुण्यात व्हिडिओ गेम बनविणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी मिळत आहे. पगार चांगला, न्यायला-आणायला कंपनीची गाडी. परंतु नात्यातील कुणीतरी त्यांच्या कानावर घातले की, या धंद्यात बायकांची फार छळवणूक चालते. फ्रान्समध्ये त्यावरून खटला झाला आणि अमेरिकेत कंपन्यांना कोट्यवधी डॉलर मोजावे लागले. "आम्हाला सूत कळते, बाजार कळतो, हा धंदा कळत नाही. माझ्याकडे सहा बायका कांड्या भरतात, बावीस वर्षांत एकीचीही तक्रार नाही. तिकडे एवढी शिकलेली माणसे असे कसे वागतात? 'अब्बा, जाऊ का?' असे पोरगी रोज विचारते. तुम्हीच काय ते सांगा," असे त्यांनी लिहिले आहे.

मुलीला पाठवावे की नाही हे बापाने आणि मुलीने ठरवायचे. तो अधिकार आमचा नव्हे. पण एखादा धंदा आतून कसा चालतो हे समजून घेऊन वाचकांपुढे मांडणे हे या पानाचे कामच आहे. शिवाय हे प्रकरण वाचता वाचता आमच्या ध्यानात आले की, तिथे जे घडले ते काँप्युटरमुळे घडलेले नाही. ते मालक, उस्ताद आणि शिकाऊ यांच्यामध्ये घडले आहे, आणि ते नाते आमच्या वाचकांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

प्रथम धंद्याविषयी. व्हिडिओ गेम म्हणजे पोराटोरांचा खेळ अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात जगभर या धंद्याची वर्षाची उलाढाल दीडशे अब्ज डॉलरच्या वर गेलेली आहे. एक मोठा गेम तयार व्हायला चार-पाच वर्षे लागतात आणि त्यावर शेकडो, कधी हजाराहून अधिक माणसे राबतात. चित्रे काढणारे, प्रोग्रॅम लिहिणारे, आवाज देणारे, चुका शोधणारे, सगळे वेगवेगळे. एवढी वर्षे पैसा नुसता ओतायचा आणि माल बाजारात आला की पहिल्या काही आठवड्यांत वसुलीचा मोठा भाग गाठायचा. गेम पडला तर पाच वर्षांची मजुरी पाण्यात. साहजिकच ज्याच्या हाताला यश आहे, ज्याने दोन-चार गेम चालवून दाखविले आहेत, अशा माणसाला भलताच भाव येतो. मालक त्याला दुखवायला भितो.

दुसऱ्या टोकाला असतात ते नवे कारागीर. ही बहुतेक पंचवीस-तीसच्या आतली पोरे-पोरी, लहानपणापासून तेच गेम खेळत वाढलेली. ज्या कंपनीचा गेम शाळेत असताना खेळलो तिथेच काम मिळाले, याचेच त्यांना एवढे अप्रूप असते की पगार थोडा कमी असला आणि रात्री-अपरात्री थांबावे लागले तरी ती तक्रार करीत नाहीत. केली तर बाहेर रांग उभीच असते. त्यात २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत या धंद्यात हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, तेव्हा नोकरी टिकविण्याची भीती आणखी वाढली. वर ज्याला कुणी बोलू शकत नाही असा उस्ताद आणि खाली ज्याला बोलायची हिंमत नाही असा शागीर्द, अशी ही मांडणी आहे. मध्ये मालक बसलेला. त्याचे लक्ष गल्ल्याकडे.

आता फ्रान्सचा खटला. युबिसॉफ्ट ही तिथली सर्वांत मोठी गेम कंपनी. तिची सुरुवात आपल्याच पेठेतील वाटावी अशी आहे. ब्रिटनी प्रांतातील गिलेमो कुटुंबाचा शेतकऱ्यांना शेतीचे सामान पुरविण्याचा धंदा होता. घरातील पाच भावांनी त्याला जोड म्हणून काँप्युटर आणि गेम टपालाने विकायला सुरुवात केली आणि १९८६ मध्ये स्वतःचे गेम काढण्यासाठी ही कंपनी स्थापन केली. पाच भाऊ, एक पेढी. पुढे ती इतकी वाढली की तिच्याकडे वीस हजारांच्या आसपास माणसे कामाला होती. पुण्यात २००८ मध्ये आणि मुंबईत २०१८ मध्ये तिने आपले स्टुडिओ सुरू केले. (खटला पुण्या-मुंबईच्या स्टुडिओविषयी नव्हता, पॅरिसलगतच्या मुख्य कचेरीतील प्रकारांविषयी होता, हे इथेच स्पष्ट करतो. आमच्या वाचकांच्या मुलीला जिथे नोकरी मिळते आहे ती कंपनीही वेगळी आहे.)

या कंपनीचा सर्वांत गाजलेला गेम म्हणजे २००७ पासून निघत असलेली 'असॅसिन्स क्रीड' ही मालिका. तिच्या वीस कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत. पहिला भाग क्रुसेडच्या काळातील दमास्कस, अक्का आणि जेरुसलेम या शहरांत घडतो; २०२३ मध्ये निघालेला एक भाग अब्बासी काळातील बगदादमध्ये. गेम सुरू होताना पडद्यावर एक सूचना येत असे: हे काम निरनिराळ्या धर्मांच्या आणि संस्कृतींच्या माणसांनी मिळून केलेले आहे. या सूचनेकडे आपल्याला पुन्हा यायचे आहे.

कंपनीच्या मुख्य कचेरीत 'एडिटोरियल' नावाचा एक लहानसा विभाग होता. जगभरच्या स्टुडिओंत कोणता गेम पुढे न्यायचा, कोणता बदलायचा, कोणता मोडीत काढायचा, हे या विभागाच्या मर्जीवर ठरे. त्याचे प्रमुख सर्ज हास्कोए. मालकांचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास. त्यांच्या हाताखाली उपाध्यक्ष टॉमी फ्रांस्वा. हास्कोए यांच्या एका शब्दाने तीनशे माणसांचे तीन वर्षांचे काम रद्द होऊ शकत होते, तेव्हा त्यांच्यापुढे कोण बोलणार?

२०२० च्या उन्हाळ्यात कंपनीतील बायकांनी उघडपणे बोलायला सुरुवात केली. फ्रेंच वर्तमानपत्रांनी एकामागून एक हकिकती छापल्या. जुलैमध्ये हास्कोए यांनी पद सोडले, कर्मचारी विभागाच्या प्रमुख बाई पदावरून दूर झाल्या, त्याच उन्हाळ्यात फ्रांस्वा यांनाही जावे लागले. त्यानंतर कंपनीने स्वतःच आपल्या माणसांची पाहणी केली. सुमारे चौदा हजार जणांनी उत्तरे दिली आणि त्यांतील २५ टक्के लोकांनी सांगितले की, मागील दोन वर्षांत आपण गैरवर्तन सोसले आहे किंवा डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणजे चौघांत एक.

पोलिसांनी तपास केला. अखेर जून २०२५ मध्ये बॉबिन्यी येथील फौजदारी न्यायालयात तीन माजी अधिकाऱ्यांवर खटला चालला. तक्रारदारांत सहा बायका आणि तीन पुरुष होते. पुरुषही होते हे लक्षात घ्यावे. मारकुटा उस्ताद पोरगा-पोरगी पाहत नाही. शिवाय कामगार संघटना त्यांच्या बाजूने उभ्या होत्या.

न्यायालयापुढे जे आले ते सगळे छापण्यासारखे नाही. जे छापता येईल ते असे. फ्रांस्वा यांनी एका तरुण कर्मचारी बाईला चिकटपट्टीने खुर्चीला बांधले, खुर्ची लिफ्टमध्ये ढकलली आणि कोणत्या तरी मजल्याचे बटण दाबून दिले. स्कर्ट घातलेल्या एका मुलीला सर्वांदेखत हातांवर उलटे उभे राहायला लावले. वर्षअखेरच्या एका पार्टीत इतरांनी एका मुलीला धरून ठेवले आणि हे तिचे चुंबन घ्यायला पुढे सरसावले. ती ओरडून कशीबशी सुटली. हे कुठे बंद खोलीत चालले नव्हते. भर कचेरीत, टेबलाला टेबल लागलेल्या मोकळ्या दालनात, वीस-वीस माणसांच्या समोर चालले होते. तिसरे अधिकारी सहकाऱ्यांच्या तोंडाजवळ चाबूक वाजवीत आणि लायटर पेटवीत.

हास्कोए यांचा प्रकार वेगळा. हाताखालच्या माणसांना ते घरची कामे सांगत. घरी पार्सल यायचे आहे, जाऊन थांबा, अशी. एकदा त्यांनी आपले नाक पुसलेला कागदी रुमाल एका तरुण कर्मचारी मुलीच्या हातात दिला आणि म्हणाले, हा विकून टाक, युबिसॉफ्टमध्ये याला सोन्याचा भाव येईल.

आम्ही या वाक्यापाशी बराच वेळ थांबलो. माणूस उर्मट आहे हे तर झालेच. पण तो खोटे बोलत नव्हता. त्या कचेरीत त्याच्या नाकाच्या रुमालालाही खरोखर भाव होता, आणि तो भाव त्याने स्वतः ठरविलेला नव्हता. नाकापेक्षा मोती जड होतो तो मोत्यामुळे नव्हे. घालणाऱ्याने तो घातलेला असतो.

आता त्या सूचनेकडे येऊ. या कचेरीत एक मुस्लिम कर्मचारी होती. २०१५ मध्ये पॅरिसला अतिरेक्यांचे हल्ले झाले त्यानंतर तिला विचारण्यात आले की, तू आता आयसिसमध्ये जाणार का? तिच्या काँप्युटरचा पडदा बदलून त्यावर डुकराच्या मांसाच्या सँडविचचे चित्र लावून ठेवले गेले. रमजानमध्ये तिचा रोजा असताना तिच्या टेबलावर खाण्याचे पदार्थ आणून ठेवले जात. हे तिने न्यायालयात सांगितले. दमास्कस आणि जेरुसलेमच्या गल्ल्या दगडा-दगडाने रंगवून त्यांवर अब्जावधी कमावणाऱ्या, आणि आमच्याकडे सर्व धर्मांची माणसे आहेत असे पडद्यावर लिहिणाऱ्या कंपनीच्या मुख्य कचेरीतील ही गोष्ट आहे. एखाद्याला वाटेल की हा निराळा विषय झाला, धर्माचा. आम्हाला तसे वाटत नाही. जिथे बाईला खुर्चीला बांधणे ही गंमत ठरते तिथे रोजेदाराची थट्टा ही गंमत ठरणारच, आणि जो दुबळा दिसेल त्याची पाळी येणारच. बाई, नवखी, मुस्लिम: तिच्याकडे तर तीन कारणे होती.

फ्रांस्वा यांचा बचाव असा होता की, तिथे सगळेच थट्टामस्करी करीत, वातावरणच तसे होते, कुणाला दुखवायचा हेतू नव्हता. हास्कोए म्हणाले, आपल्याला कल्पनाच नव्हती. २ जुलै २०२५ रोजी निकाल लागला. फ्रांस्वा यांना मानसिक व लैंगिक छळ आणि लैंगिक हल्ल्याचा प्रयत्न यासाठी तीन वर्षे, हास्कोए यांना मानसिक छळ आणि लैंगिक छळाला साथ दिल्याबद्दल अठरा महिने, तिसऱ्याला मानसिक छळासाठी बारा महिने, अशा कैदेच्या शिक्षा झाल्या. सर्व स्थगित, म्हणजे पुन्हा गुन्हा केला नाही तर प्रत्यक्ष तुरुंगात जावे लागत नाही. सोबत दंड. शिक्षा हलकी वाटते, आणि ती आहेच. परंतु हास्कोए यांच्या बाबतीतला 'साथ दिली' हा भाग आमच्या वाचकांनी नीट वाचावा. लैंगिक छळ त्यांनी स्वतः केला असे न्यायालयाने म्हटलेले नाही. हाताखालचा माणूस करीत होता आणि त्याला आवरण्याचा अधिकार यांच्याकडे होता. 'मला माहीत नव्हते' हे उत्तर तिथे चालले नाही.

तक्रारी कुठे गेल्या होत्या?

वाचक विचारतील, एवढी मोठी कंपनी, कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायला वेगळा विभाग, मग या मुली तिथे गेल्या नाहीत काय? अनेक जणी गेल्या. २०२० मध्ये वर्तमानपत्रांशी बोलताना त्यांनी सांगितले की, ती कलावंत माणसे, त्यांची तऱ्हाच तशी, अशा अर्थाची उत्तरे त्यांना मिळाली. दुभत्या गाईच्या लाथा गोड, ही म्हण फ्रेंच भाषेत आहे की नाही, आम्हाला माहीत नाही. व्यवहार तोच.

अमेरिकेतही हेच सापडते. ॲक्टिव्हिजन ब्लिझार्ड या प्रचंड कंपनीवर जुलै २०२१ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने दोन वर्षांच्या चौकशीनंतर दावा लावला. कंपनीत बायका जेमतेम २० टक्के. त्यांना पगार कमी, बढती उशिरा आणि त्यांच्याशी वर्तन लाजिरवाणे, असे दाव्यात म्हटले होते. त्यात एक मुद्दा असा होता की, तक्रार ऐकणारी माणसे ज्यांच्याविरुद्ध तक्रार होती त्यांच्याच उठण्या-बसण्यातली होती, म्हणून कुणी तक्रार करायला धजत नसे. कुंपणच शेत खात असेल तर राखण कुणी करायची?

कंपनीने पहिल्या दिवशी कानांवर हात ठेवले. दावा विपर्यस्त आहे, खोटा आहे, असे पत्रक काढले. त्याचा परिणाम उलटा झाला. दोन हजारांहून अधिक आजी-माजी कर्मचाऱ्यांनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या आणि २८ जुलैला काम बंद ठेवले. आठवड्याभरातच मुख्याधिकारी बॉबी कोटिक यांना कबूल करावे लागले की आमचे पहिले उत्तर चुकले. ब्लिझार्डच्या प्रमुखांना जावे लागले. त्यांच्या जागी एक पुरुष आणि एक बाई असे दोन प्रमुख नेमले, त्यांतल्या बाईंनी तीनच महिन्यांत पद सोडले; बरोबरीचे काम असूनही त्यांचा पगार बरोबरीचा नव्हता, असे पुढे बाहेर आले. (दावा कशावर लागला होता, हे कंपनीला एवढ्यात विसरायला झाले!)

मग पैशाचा हिशेब सुरू झाला. केंद्र सरकारच्या समान संधी आयोगाबरोबर १ कोटी ८० लाख डॉलरचा समझोता झाला. न्यायालयाने तो मार्च २०२२ मध्ये मान्य केला. डिसेंबर २०२३ मध्ये कॅलिफोर्निया राज्याचा दावा सुमारे साडेपाच कोटी डॉलरना मिटला. न्यायाच्या दृष्टीने इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हा समझोता मुख्यतः पगार आणि बढतीतील भेदभावाबद्दल होता, कंपनीने दोष मान्य केलेला नाही, आणि सरसकट लैंगिक छळ चालत असल्याचे कोणत्याही न्यायालयात किंवा स्वतंत्र चौकशीत सिद्ध झालेले नाही, असे त्या कागदावरच नमूद आहे. दरम्यान कंपनीच विकली गेली. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२२ मध्ये ६,८७० कोटी डॉलरना सौदा जाहीर केला, तो ऑक्टोबर २०२३ मध्ये पुरा झाला आणि वर्षअखेरीस कोटिक बाहेर पडले. वाचक म्हणतील, म्हणजे मालकाचे काय बिघडले? पैशाने पाहिले तर फारसे नाही. ही या हिशेबातील कडू बाजू आहे, ती लपविण्यात अर्थ नाही.

परंतु या प्रकरणातील एक दंड आम्हाला व्यापाऱ्यांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या शेअर बाजार नियंत्रकांनी याच कंपनीकडून ३ कोटी ५० लाख डॉलर वसूल केले. कशाबद्दल? छळ झाला याबद्दल नव्हे. तक्रारींची नोंद नीट ठेवली नाही याबद्दल. त्यांचे म्हणणे असे: गेमच्या धंद्यात कंपनीची खरी मालमत्ता म्हणजे कसबी माणसे. माणसे टिकली नाहीत तर धंद्याला धोका आहे, हे कंपनी स्वतःच भागधारकांना दरवर्षी लिहून सांगते. मग माणसे का नाराज आहेत, कुठल्या विभागातून किती तक्रारी येतात, हे एका ठिकाणी गोळा होऊन वरपर्यंत पोहोचण्याची काही व्यवस्था हवी की नको? ती २०१८ ते २०२१ या काळात नव्हती. (कंपनीने हा आरोप मान्य वा अमान्य न करता रक्कम भरली. त्या दंडात माजी कर्मचाऱ्यांच्या तोंडाला कुलूप लावणाऱ्या करारांचाही भाग होता.)

गोदामात उंदीर लागले तर आपण किती गाठी कुरतडल्या त्याची नोंद ठेवतो. उधारी बुडाली तर खात्यावर चढते. माणूस का सोडून गेला याची नोंद आपल्यापैकी कितीजणांच्या वहीत आहे?

पंच कुणाचा?

आणखी एका कंपनीची गोष्ट थोडक्यात सांगितली पाहिजे, कारण तिच्यात पंचाचा प्रश्न आहे. लॉस एंजेलिसची रायट गेम्स. 'लीग ऑफ लेजेंड्स' हा तिचा जगप्रसिद्ध खेळ. ऑगस्ट २०१८ मध्ये एका वृत्तलेखातून तिथल्या बायकांची गाऱ्हाणी बाहेर आली. कंपनीने एका फार वरच्या अधिकाऱ्याची चौकशी केली आणि त्याला दोन महिने बिनपगारी घरी बसवून परत घेतले. दोन महिने! दरम्यान काही बायका कोर्टात गेल्या, तर कंपनीने त्यांच्यातल्या दोघींच्या नोकरीच्या करारातले एक कलम पुढे केले: भांडण झाल्यास कोर्टात जायचे नाही, खासगी लवादाकडे जायचे. मे २०१९ मध्ये दीडशेच्या आसपास कर्मचारी याविरुद्ध काम सोडून बाहेर आले.

आपल्या व्यापारी समाजाला पंचायत नवी नाही. कोर्टाच्या पायऱ्या झिजविण्यापेक्षा चार शहाण्यांनी बसून मिटविलेले बरे, असे आम्हीही या पानावर सांगत आलो आहोत. पण ते दोन व्यापाऱ्यांच्या भांडणात, जिथे दोघांचे वजन साधारण सारखे आहे आणि पंच दोघांच्या मर्जीचा आहे. नोकरीवर घेतानाच, अजून भांडण व्हायचे असताना, गरजवंताकडून सही घ्यायची की उद्या तुझ्यावर हात टाकला तरी तू बंद खोलीतच बोलायचेस, याला पंचायत म्हणत नाहीत. हा तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे. अमेरिकेच्या संसदेलाही ते पटले असावे. मार्च २०२२ पासून तिथे कायदाच झाला की, लैंगिक छळाच्या बाबतीत असे कलम बाईवर लादता येणार नाही.

रायटने २०१९ मध्ये १ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवायची तयारी केली होती. राज्य सरकारच्या खात्यांनी आक्षेप घेतला की ही रक्कम फारच थोडी आहे. डिसेंबर २०२१ मध्ये तेच प्रकरण १० कोटी डॉलरना मिटले. त्यांतले ८ कोटी दोन हजारांहून अधिक बायकांसाठी, बाकी वकिलांसाठी. वर तीन वर्षे बाहेरचा माणूस देखरेखीला. दोन वर्षांच्या अवधीत एकाचे दहा झाले.

आता आमच्या वाचकांचा प्रश्न. आपल्याकडे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशाखा प्रकरणात याबाबत मार्गदर्शक नियम घालून दिले आणि २०१३ मध्ये संसदेने कायदा केला. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक ठिकाणी मालकाने अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे. तिची अध्यक्ष बाई, निम्म्या तरी सदस्य बाया आणि एक सदस्य बाहेरच्या संस्थेची. हा बाहेरचा सदस्य म्हणजे या कायद्याचा जीव आहे. पॅरिसच्या कचेरीत तोच नव्हता. समिती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. कारण पटले तर समिती आणखी तीन महिने मुदत देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. समेट करायचा तर तो बाईने मागितला तरच, आणि पैशावर समेट करता येत नाही. किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या हे वार्षिक अहवालात द्यायचे.

म्हणून आम्ही त्यांना लिहिले की, मुलीला नोकरीच्या मुलाखतीतच विचारू द्या: समितीतील बाहेरची सदस्य कोण आहे? समितीच्या सदस्यांची नावे भिंतीवर लावली आहेत काय? गेल्या वर्षी अहवालात किती तक्रारी दाखविल्या? हे विचारल्यावर समोरचा माणूस कपाळाला आठ्या घालतो की सरळ उत्तर देतो, यावरून पुष्कळ कळेल. 'आमच्याकडे एकही तक्रार नाही' असे कुणी अभिमानाने सांगितले तर त्यावर फार विसंबू नये. करारावर सही करण्यापूर्वी शेवटची पाने वाचावीत, कारण अशी कलमे तिथेच असतात. आणि घरच्यांनी एक गोष्ट करावी. 'काही झाले तर नोकरी सोडून ये' एवढेच तिला सांगू नये. तसे सांगितले की पोरी घरी काही सांगतच नाहीत. नोकरी जाईल, शिकलेले वाया जाईल, या भीतीने. 'काही झाले तर आधी आम्हाला सांग, मग काय करायचे ते मिळून पाहू,' असे सांगावे.

पत्रात आणखी एक गोष्ट लिहिणे आम्हाला भाग होते. कायद्यात रोजंदारीची, कंत्राटी, शिकाऊ, सगळ्या बाया येतात. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या कारखान्यातील बाईसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती असते, आणि खुद्द मालकाविरुद्ध तक्रार असेल तरी तिच्याकडेच जायचे असते. जिल्हाधिकारी कार्यालयात तिचा पत्ता मिळतो. तुमच्याकडे कांड्या भरणाऱ्या सहा जणींना हे कुणी सांगितले आहे काय? आणि बावीस वर्षांत एकीला काही सांगावेसे वाटले असते तर तिने ते कुणाला सांगायचे होते?

त्यांचे उत्तर परवा आले. मुलगी येत्या एक तारखेला रुजू होत आहे. बाहेरच्या सदस्याचे नाव तिने विचारले, आणि कंपनीने ते सांगितले. कारखान्याविषयी त्यांनी लिहिले आहे की, बायकांनी काही सांगायचे ते मुकादमाला सांगावे, अशी आजवरची पद्धत आहे. मुकादम त्यांचा मेहुणा आहे, आणि कुणाला किती कांड्यांचे काम द्यायचे हेही तोच ठरवितो.